रोप सगळ्यात शेवटी: शहरातलं वन आखायचं आणि टिकवायचं कसं

दर जूनमध्ये मला एक फोन ठरलेला असतो. माणूस वेगळा, वाक्य तेच. "काका, दोनशे रोपं मिळालीयत, कुठं लावायची?" मी विचारतो, पाणी कुठून आणणार? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "पाऊस आहे की आता!"

पाऊस सप्टेंबरअखेर निघून जातो. रोपाला त्यानंतरचे आठ महिने काढायचे असतात, आणि ते सुद्धा एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षं. तेवढी सोय नसेल तर दोनशे रोपं म्हणजे दोनशे काड्या.

सोसायटीची पाण्याची टाकी बांधताना व्हॉल्व्ह कोण फिरवणार, मोटर जळली तर पैसे कुठून येणार, हे आधी ठरतं. वन ही तशीच पायाभूत सोय आहे. सावली, पाणी मुरवणं, धूळ अडवणं ही कामं ते चोवीस तास करतं, आणि सांभाळलं नाही तर टाकीसारखंच बंद पडतं. म्हणून क्रम असा: मोजणी, कागद, पाणी आणि माणूस, माती, यादी, खड्डा. रोप त्यानंतर.

खालची उदाहरणं पुणे आणि भोवतालच्या पठारी भागातली आहेत. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कोकणातल्या वाचकांनी झाडांची यादी बदलावी, विदर्भातल्यांनी उन्हाळी पाण्याचा हिशेब वाढवावा. क्रम बदलू नये.

## १. ऑक्टोबर: आधी आहे ते मोजा

पाऊस संपता संपता जागेवर जा. पानगळीची झाडंही तेव्हा भरलेली असतात, त्यामुळे खरं छत्र दिसतं. एप्रिलमध्ये मोजाल तर सावर आणि सालई उघडीबोडकी असतात आणि अंदाज फसतो.

एक वही घ्या. जागेवरच्या आणि शेजारच्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. नाव, खोडाचा घेर, अंदाजे वय, बुंध्याशी काँक्रीट आहे का, वरून तारा जातात का, खिळे किंवा केबल आहेत का, एवढे रकाने पुरेत. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायचा. शिंप्याची टेप चालते. दरवर्षी त्याच उंचीवर मोजलंत तरच वाढ कळेल, म्हणून मोजणाऱ्याच्या काठीवर १.३७ ची खूण करून ठेवा.

मग मोबाइलवर वस्तीचं उपग्रह चित्र उघडा, छापून घ्या आणि त्यावर डोळे मिटून शंभर ठिपके मारा. जितके ठिपके झाडाच्या छत्रावर पडले तितके टक्के तुमची सावली. अचूक नाही, पण बैठकीत बोलायला पुरेसं आहे. हा आकडा ताडून बघायला सेसिल कोनाइनेंडाइक या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा नियम हाताशी ठेवा: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के छत्र असावं आणि ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी. आपल्या पेठांत तिसावर पोचणं अवघड आहे. पण कुठल्या गल्लीत आठ टक्के आहेत आणि कुठे बावीस, हे कळलं की नवी जागा कुठे मागायची याचा वाद मिटतो.

ही मोजणी केली की बहुतेक ठिकाणी एक गोष्ट उघडी पडते. नवं वन लावण्याआधी जुन्याचा गळा सोडवायचा असतो. फुटपाथचे ब्लॉक पार खोडाला भिडलेले, वर सिमेंटचा थर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करताना त्याचा हवाला द्या. चाळीस वर्षांचा एक वड जगवणं हे दोनशे रोपांपेक्षा स्वस्त पडतं आणि सावली आजच मिळते.

सावधान: काँक्रीट फोडायला ब्रेकर लावू देऊ नका. छिन्नी-हातोडा, आणि मूळ दिसलं की हातानं. अंगठ्याहून जाड मूळ तुटलं तर काम थांबवा.

आणखी एक, जरा कडू वाटेल असं. टेकडीवरचं उघडं गवताळ माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे चंडोल जमिनीवर घरटं करतो, पावसाळ्यात बारीक रानफुलं येतात, पाणी गवताच्या मुळाशी मुरतं. तिथे खड्डे खणून जंगल 'करणं' म्हणजे एक चालती व्यवस्था मोडून दुसरी लंगडी उभी करणं. झाडं पायथ्याला, घळीत, पडीक सुविधा क्षेत्रात, नाल्याच्या काठाला लावा. माथ्यावरचं गवत राहू द्या.

## २. नोव्हेंबर: कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि टाळला तर तिसऱ्या वर्षी जेसीबी येतो. तीन कागद बघा.

पहिला मिळकत पत्रिका किंवा सातबारा. जागा कोणाची? दुसरा विकास आराखड्याचा नकाशा: त्यावर रस्ता, पाण्याची टाकी, शाळा असं काही आरक्षण आहे का? "मोकळीच तर आहे" या भरवशावर लावलेली झाडं रस्तारुंदीत जातात. तिसरा जमिनीखालचा नकाशा: जलवाहिनी, ड्रेनेज, गॅसवाहिनी, महावितरणची केबल. तो एका जागी मिळत नाही, प्रत्येक खात्यात जावं लागतं. जा.

त्यानंतर उद्यान विभागाशी लेखी करार किंवा निदान परवानगीचं पत्र. त्यात देखभाल कोणाची, किती वर्षं, पाण्याची जोडणी कोण देणार, ही वाक्यं असलीच पाहिजेत. तोंडी "करून टाकू" म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुमच्या कुंपणात का असेना. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं. वहीत वयाचा रकाना ठेवायला सांगितला तो म्हणूनच.

तपासणी: तिन्ही कागदांच्या प्रती आणि पत्र एका फायलीत, आणि त्या फायलीचा फोटो निदान चार जणांच्या मोबाइलवर. हे झालं नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. डिसेंबर: पाणी आणि माणूस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथेच जरा थांबू.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पाच-पाच मीटरवर झाड धरलं तर १६० झाडं बसतात. त्यांच्या मधे तीनशे झुडपं. एकूण ४६० रोपं. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर: ४६० गुणिले १० गुणिले २, म्हणजे ९,२०० लिटर. आठवड्याला एक दहा हजारी टँकर. असे सतरा आठवडे. त्याआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदाच पाणी दिलं तरी आणखी सात-आठ. पहिल्या वर्षाचा आकडा पंचवीस टँकरांवर जातो.

आता हा आकडा घेऊन बैठकीत बसा. टँकर कोण देणार? बोअर असेल तर एप्रिलमध्ये तिला पाणी असतं का? शेजारच्या मोठ्या गृहसंकुलाचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र हा सगळ्यात चांगला पर्याय असतो, कारण ते पाणी बारमाही असतं आणि बऱ्याचदा गटारात सोडलं जातं. मात्र घेण्याआधी तपासून घ्या. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर असतील तर नको. घरचा साधा मीटर पुरतो. पाणी दिल्यावर दोन महिन्यांनी आळ्यात पांढरी खपली दिसली तर समजा, क्षार साचतायत.

पाण्यानंतर हात. पाइपनं एका रोपाला दोन मिनिटं धरली तरी ४६० रोपांना पंधरा तास लागतात. म्हणजे एका फेरीला एका माणसाचे दोन दिवस, आठवड्याला चार. रविवारच्या हौशी मंडळींवर हे चालत नाही. मी स्वतः हौशी आहे, म्हणून सांगतो. डिसेंबरात आम्ही चाळीस होतो, एप्रिलमध्ये सहा उरलो, त्यातल्या दोघांच्या मुलांच्या परीक्षा होत्या. पगारी माळी लागतो. ठिबक टाकलं तर त्याचे दिवस कमी होतात, पण नळ्या खारी कुरतडतात आणि तोट्या चोरीला जातात, तेव्हा ठिबक म्हणजे माणूस नको असं नाही.

पैशांची वाटणी मी अशी करतो: शंभर रुपये असतील तर तीस खड्डा आणि रोपावर, सत्तर तीन उन्हाळ्यांच्या पाण्यावर आणि पगारावर. देणगीदारांना उलटं हवं असतं, कारण रोपाशेजारी नावाची पाटी लावता येते आणि टँकरशेजारी येत नाही. त्यांना माळ्याचा वर्षाचा पगार दत्तक घ्यायला सांगा. पुण्यात २००६ पासून नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकातून क्षेत्रीय कार्यालयामार्फत प्रभागातली कामं सुचवता येतात. तिथे वृक्षारोपण मागू नका, पाण्याची जोडणी आणि साठवण टाकी मागा.

थांबा: तीन उन्हाळ्यांचं पाणी कागदावर जमत नसेल तर रोपं कमी करा. साठ जगवलेली झाडं चारशे साठ काड्यांपेक्षा बरी.

## ४. जानेवारी: माती विचारा

जागेवर चार-पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि घड्याळ बघा.

पाणी दहा-पंधरा मिनिटांत गडप झालं तर खाली फुटका मुरूम आहे. मुळं जातील, पण पाणी थांबणार नाही. इथे शेणखत, जाड आच्छादन आणि काटक झाडं. तास-दोन तासांपासून दिवसभरात जिरलं तर छान. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं असेल तर चिकण काळी माती किंवा खाली सलग कातळ आहे. तिथे पावसाळ्यात मुळं कुजतात. अशा ठिकाणी उंचवटा करून लावा किंवा पाण्याला सोसणारी झाडं निवडा: अर्जुन, करंज, जांभूळ.

उतार असेल तर लावणीआधी समतल चर खणून घ्या. उताराला आडवे, एकाच पातळीवर. पहिल्या पावसाचं पाणी चरात थांबलं आणि एका टोकानं फुटून वाहिलं नाही तर पातळी बरोबर. फुटलं तर तिथे लगेच फावडं मारा, नाहीतर एका पावसाळ्यात ओघळ पडतो.

## ५. फेब्रुवारी: यादी आणि रोपवाटिका

यादी उशिरा केली की रोपवाटिकेत असेल ते उचलावं लागतं. जूनमध्ये मेडशिंगी मागाल तर माळी हसतो आणि टॅबेबुया हे परदेशी शोभेचं झाड दाखवतो. सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेला चार-सहा महिने आधी सांगितलं तर ते बी मिळवून रोप करून देतात.

मुरमाड, कोरड्या जागी: हिवर, खैर, सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, पांढरूख, गणेर, बहावा, पळस, काटेसावर, आपटा. थोडी खोल माती असेल तर शिरीष, कुसुंब, बेहडा, शिवण, वावळ, भोकर, ताम्हण. नाल्याकाठी करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ. खालच्या थरात करवंद, धायटी, निर्गुडी, मुरुडशेंग, अडुळसा, कुडा. झुडपं विसरू नका. झुडपांवाचून नुसती झाडं म्हणजे बाग झाली. बुलबुल आणि शिंपी करवंदाच्या जाळीत घरटं करतात, सुटसुटीत खोडात नाही.

वड, पिंपळ, नांद्रुक लावा, पण भिंतीपासून, टाकीपासून आणि ड्रेनेजपासून दहा मीटर लांब. तारांखाली पारिजातक, कुडा, आपटा अशी बुटकी मंडळी.

सुबाभूळ आणि गिरिपुष्प झपाट्यानं वाढतात म्हणून कोणीतरी सुचवेल. नको. आपल्या टेकड्यांवर दोन्ही पुरेशी आहेत, आणि सुबाभूळ एकदा आलं की काढता काढता नाकी नऊ येतात. कोनोकार्पस हे परदेशी झाडही नको. गुलमोहर आधीच असेल तर राहू द्या, नवीन लावू नका. लाकूड ठिसूळ, वळवात फांदी पडते.

एकाच जातीचा अतिरेकही नको. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँतामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेली मर्यादा सोपी आहे: एक जात १० टक्क्यांवर नको, एक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) २० वर नको, एक कुळ ३० वर नको. आपल्याकडे हा नियम कुळावर अडतो, कारण शिरीष, खैर, पळस, बहावा, आपटा, करंज सगळे शिंबावर्गीय. मी कुळाच्या बाबतीत थोडी ढील देतो, जातीच्या बाबतीत नाही. मुंबईत रस्तोरस्ती पर्जन्यवृक्ष होते, पिठ्या ढेकूण पडला आणि ओळीच्या ओळी वाळल्या.

मियावाकीबद्दल, म्हणजे रोपं अगदी दाट लावायच्या जपानी पद्धतीबद्दल, हमखास विचारतात. चौरस मीटरला तीन रोपं म्हणजे एकराला बारा हजार. वर पाण्याचा हिशेब मांडलाय, तो गुणून बघा. खोल माती, खात्रीचं पाणी आणि रस्त्याकडेचा अरुंद पट्टा असेल तर शे-दोनशे चौरस मीटरपुरती ती पद्धत चांगली भिंत उभी करते. मुरमाच्या एकरभर जागेवर ती महाग हौस आहे.

रोप घेताना तपासणी: तीन-चार फुटांचं, सरळ शेंड्याचं रोप घ्या. आठ फुटी रोप लहान पिशवीत असेल तर परत करा. एक पिशवी फाडून बघू द्या म्हणून आग्रह धरा. आमच्या दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एक वाळलेलं शिवण उपटलं. वर्षभर पाणी घातलेलं. मुळं पिशवीच्या आकारातच, चकलीसारखी गोल गोल फिरलेली, आणि त्यांच्यात काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा. लावणाऱ्यानं पिशवी खालून नुसती टोचली होती. त्या रांगेतली आणखी अकरा उपटली. अकराही चकल्या.

## ६. एप्रिल-मे: खड्डे

खड्डे उन्हाळ्यात खणा आणि महिनाभर तापू द्या. हुमणी आणि बुरशी कमी होते. दोन फूट लांब, रुंद, खोल. कडक मुरमात तीन फूट. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती खाली जाते.

यंत्राच्या गिरमिटानं खणलेल्या खड्ड्याच्या भिंती काळ्या मातीत गुळगुळीत होतात, जणू कुंभारानं हात फिरवलाय. मुळं तिथे अडतात आणि आतच वळतात. पहारीनं चारी बाजूंना ओरखडे काढा.

भरण्यासाठी खणलेली माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. सगळी माती विकतची लाल किंवा पोयटा टाकू नका. मुळं त्या मऊ गादीतच राहतात, बाहेरच्या मुरमात जात नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्यानं झाड कुंडीतून उपटावं तसं पडतं.

## ७. जून-जुलै: आता रोप

पहिल्या सरीला लावू नका. वरची वीतभर माती ओली आणि खाली कोरडी असते, मग पंधरा दिवस पावसानं दडी मारली की रोप जातं. जमीन दीड फूट खोल भिजली की लावा. पुण्यात हे साधारण जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला होतं. जुलै संपायच्या आत लावणी उरका, म्हणजे मुळांना दोन महिने ओल मिळते.

रोपाचा क्रम:

१. पिशवी ब्लेडनं उभी कापून पूर्ण काढा. पिशव्या मोजून गोळा करा. जितकी रोपं तितक्या पिशव्या हातात आल्याशिवाय मजुरी देऊ नका. (चकल्यांनंतर आलेलं शहाणपण.)

२. गोल फिरलेली मुळं असतील तर बाहेरून तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या.

३. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो सांधा जमिनीच्या पातळीला ठेवा. खोल पुरलं की खोड कुजतं. "घट्ट बसावं म्हणून" वीतभर खाली पुरणारे फार.

४. माती पायानं दाबा, पण उड्या मारू नका.

५. काठी खड्ड्याच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला. बांधायला जुन्या साडीची पट्टी, आठच्या आकड्यात सैल. सुतळी आणि तार नको.

६. उतारावर अर्धचंद्राकृती आळं, उघडी बाजू वरच्या अंगाला. सपाटीवर पावसाळ्यात आळ्याला एक वाट फोडून ठेवा, ती ऑक्टोबरात बुजवा.

७. चार बोटं जाड पाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून वीतभर दूर.

लोखंडी पिंजरा लावलात तर तो काढायची तारीख वहीत लिहा. पाच वर्षांनी खोड जाळीत शिरलेलं असतं, आणि मग कटरही उपयोगी पडत नाही.

## ८. तीन उन्हाळे

पहिला उन्हाळा वर हिशेबात मांडलाय. दुसऱ्यात पाणी दहा दिवसांतून एकदा, पण वीस-पंचवीस लिटर, आणि खोडाशी नको. छत्राच्या कडेखाली आळं मोठं करा, म्हणजे मुळं बाहेर आणि खाली जातात. रोज लोटाभर पाणी घालणारे काका प्रत्येक वस्तीत असतात. प्रेमानं करतात, पण मुळं वरच राहतात. त्यांना नोंदवहीचं काम द्या. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा, आणि पानं मलूल दिसली तरच. हिवर, खैर, पळस यांना तेही बहुधा लागत नाही.

तपासणी: पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी आच्छादन बाजूला सारून बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत गार लागलं तर पुरे.

पाचोळा जाळू देऊ नका. कचरा जाळणं नियमाबाहेर आहेच, पण मुख्य म्हणजे तो तुमचं आच्छादन आहे, तुम्ही विकत घेणार होता ते.

## ९. वणवा आणि शेळ्या

पावसात गवत कमरेएवढं होतं आणि जानेवारीत त्याचा बारूद होतो. डिसेंबर संपायच्या आत वनाच्या कडेनं आणि मधल्या पायवाटांच्या दोन्ही बाजूंनी तीन मीटर रुंद जाळरेषा काढा. गवत कापून उचला. कापून तिथेच ठेवलं तर काही केलं नाहीत.

आम्ही हे काम दोन वर्षं मजुरीनं केलं. तिसऱ्या वर्षी पायथ्याला म्हशी असलेल्या एक मावशी येऊन म्हणाल्या, "दादा, पैशे देऊन गवत टाकून देताय व्हय? आमाला द्या की." तेव्हापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या आणि त्यांच्या जावा विळ्यानं कापून भारे नेतात, आमचा खर्च शून्य. एकच करार आहे: रोपाभोवती हातभर गवत आम्ही आधी हातानं काढतो, कारण विळ्याला रोप दिसत नाही. शेळ्यांवरून आधी भांडणं होती, ती त्याच मावशींनी मिटवली.

घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत फुलायच्या आधी उपटा, कापू नका. घाणेरी सगळी एकदम काढू नये, तिच्यात पक्षी असतात. एका बाजूनं काढत जा आणि लगेच तिथे करवंद, निर्गुडी लावत जा.

## १०. फेब्रुवारी-मार्च: मोठ्या झाडांची तपासणी

पावसाळापूर्व छाटणी मे महिन्यात निघते, पण आपल्याकडे झाडं वळवात पडतात आणि वळीव एप्रिलमध्येच येतो. म्हणून फेब्रुवारीतच वही घेऊन फिरा.

बघायचं काय? बुंध्याशी आलेल्या अळंब्या. खोड नव्यानं कललेलं आणि कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग. दोन फांद्यांच्या बेचक्यात चीर. अडकून लोंबणारी वाळकी फांदी. आणि गेल्या वर्षभरात जवळून केबलसाठी चर खणला गेला का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एका बाजूची मुळं तुटलेलं झाड वरून हिरवंगारच दिसतं.

छाटणीलाही परवानगी लागते. अर्जाला झाडाचा क्रमांक, फोटो आणि नेमकी कुठली फांदी ते लिहा. "धोकादायक झाड" एवढंच लिहिलं की करवतवाला शेंडा उडवून मोकळा होतो. शेंडा छाटलेल्या झाडाला झुपक्यानं कमजोर फांद्या फुटतात आणि पाच वर्षांनी त्याच पडतात.

जड फांदी तीन कापांत निघते. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालून, एक तृतीयांश जाडीचा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. वजन गेलं की तिसरा, फांदीच्या मुळाशी फुगलेली कड असते तिच्या बाहेर. ती कड कापली तर जखम भरत नाही. गेरू, डांबर, रंग काही लावू नका. एका वेळी छत्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कधीही काढू नका, आणि दोरीला हात घालण्याआधी घरटी बघा.

## ११. नोंदवही आणि मे महिन्याची फेरी

वही माळ्याकडे नको आणि अध्यक्षांकडेही नको. रोज जागेवरून जाणाऱ्या माणसाकडे द्या. आमच्याकडे ती एका निवृत्त पोस्टमन काकांकडे आहे, आणि ते "दि. १४, क्र. ८७, काठी मोडली, नवी लावली" एवढंच लिहितात. तेवढंच हवं असतं.

दर वर्षी ३१ मेच्या आसपास वही घेऊन सगळी रोपं फिरा. प्रत्येकाचं खोड नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत, पानं नसली तरी. पळस आणि सालई मेलेली समजून उपटणारे मी पाहिलेत. तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलं. मेलेलं उपटून मूळ बघा आणि कारण लिहा: चकली, वाळवी, कुजलं, खाल्लं, जळालं, पाणी चुकलं. ज्या जातीची निम्म्याहून जास्त गेली ती यादीतून काढा.

मेलेल्यांचे खड्डे मोजा. रोपवाटिकेला तेवढ्याच रोपांचा आकडा कळवा. फोन करून कोणी आणखी दोनशे देऊ केली तर पाण्याचा हिशेब पुढे करा.